खाड्याचे दिवस

आप्पांनी माझा पेला माझ्यासमोर तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मिशीवरची साय पंज्यानं पुसली आणि मला विचारलं,

"आज काय वार हाय?"

"मंगळवार."

"मंगळवारी तुझी मॅडम काय करायला सांगती?"

"काही न्हाई."

"मग काही न करणाऱ्याला खुराक कशाला लागतोय?"

पेल्यात म्हशीचं दूध होतं आणि त्यात वाटलेले बदाम. ते बदाम मीच भिजवले होते, मीच सोलले होते, पाट्यावर वाटलेही मीच. मी रिकाम्या पेल्याकडं बघत बसले. तळाला बदामाचा थोडा चोथा राहिला होता. तोही आप्पांनी बोटानं पुसून खाल्ला.

ही गोष्ट मी आठवीत होते तेव्हाची. आता मी दहावीत आहे, म्हणजे फार जुनी नाही. पण तेव्हाची मी आणि आताची मी एकमेकींना रस्त्यात भेटलो तर ती मला ओळखणार नाही. तेव्हा मला काही बोलायचं असलं की आधी दोनदा आवंढा गिळायला लागायचा. आता वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत नसलं तरी मी हात वर करते. मधे काय झालं ते सांगते.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, नदीकाठचं. आप्पा गावच्या तालमीचे वस्ताद. पहाटे तिथं वीसएक पोरं कुस्तीच्या सरावाला घुमतात, त्यांना डाव शिकवायचे, त्यांच्याकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या, आणि मग उरलेला दिवस ऊस आणि दोन म्हशी. त्यांच्या तालमीत एकच नियम होता. रविवार सोडून रोज यायचं. न येणं म्हणजे खाडा, आणि खाडा करणाऱ्या पोराला त्या दिवशी तालमीतलं दूध नाही. एखादा तापानं फणफणला असला तरी घोंगडं पांघरून कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला येऊन बसायचा. आला म्हणजे झालं. मग तो खाडा धरत नसत.

तालमीच्या मातीत मुलींना उतरू देत नव्हते. म्हणून नववीच्या आणि आठवीच्या मुलींमधून निलोफर मॅडमनी मला वेटलिफ्टिंगसाठी निवडलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद आप्पांना झाला. निलोफर मुल्ला मॅडम स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या. तालुक्याच्या गावात शाळेच्या मागं पत्र्याचा एक हॉल होता, तिथं त्या मुलींना शिकवायच्या. माझ्याबरोबर आमच्याच गावची समीक्षा भोपळे. आम्ही दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर, आणि वजनही जवळजवळ एकच. सायकलवरून दोघी जायचो, दोघी यायचो.

आईला मात्र हे पसंत नव्हतं. ती घरी बायकांचे ब्लाउज शिवते. माझे खांदे रुंद होत चालले हे तिला टेपशिवाय कळायचं. तिनं आप्पांकडून कबूल करून घेतलं होतं, की दसऱ्यानंतर जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आहेत, त्यासाठी पोरीची निवड झाली तर पुढं चालू, नाहीतर नववीपासून हे सगळं बंद. आप्पांनी हो म्हणून टाकलं, कारण निवड होणार नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तर पारावर बसून निम्म्या गावाला सांगितलंसुद्धा होतं.

अडचण एकच होती. मॅडम आम्हाला आठवड्यातून तीनच दिवस बोलवायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी वजनाला हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात आप्पांना वाटलं, हॉल रिकामा नसेल. नंतर त्यांनी मला विचारलं, की मधल्या दिवशी करायचं काय असतं.

"मॅडम म्हणतात, मधल्या दिवशी अंग वाढतं."

"वाढायला तू काय ऊस हाईस?" आप्पा म्हणाले.

आणि त्या दिवसापासून मंगळवार, गुरुवार, शनिवारचा माझा पेला ते पिऊ लागले. रविवारचा पेला मात्र मिळायचा, कारण रविवारी तालमीलाही सुट्टी असते.

चार-पाच वेळा मी गप्प बसले. मग त्यांनीच तोडगा काढला. तालमीच्या मागच्या बाजूला काळ्या दगडाचा एक धोंडा पडलेला असतो. त्याला मधोमध मूठ कोरलेली आहे. पूर्वीचे पैलवान तो एका हातानं खांद्यावर घ्यायचे. मागच्या बाजूला माती नाही, फरशी आहे, त्यामुळं तिथं मुलगी आली तर कुणाची हरकत नव्हती. आप्पा म्हणाले, मधल्या दिवशी पहाटे माझ्याबरोबर चल, धोंडा उचल, बैठका काढ, आणि हक्कानं पेला पी.

मी गेले. आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं. अंधारात आप्पांच्या मागून चालायचं, आतून पोरांच्या शड्डूंचे आवाज येत असायचे आणि बाहेर मी एकटी त्या धोंड्याशी झुंजत असायचे. पहिल्यांदा तो गुडघ्याच्या वर आला तेव्हा आप्पांनी आतून चार पोरांना बाहेर बोलावून दाखवलं. त्यातला एक तर मागं सरकला. मला वाटलं, आता जिल्हा काय आणि राज्य काय.

पण हॉलमधला बार काही ऐकेना.

आधी मी समीक्षाच्या पुढं होते. स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात सरळ डोक्यावर न्यायचा त्यात, मी तिला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. मग हळूहळू ती माझ्याबरोबरीला आली. मग मी जिथं होते तिथंच राहिले आणि ती पुढं सरकली. माझा बार डोक्यावर जायचा आणि मागं पडायचा. मॅडमनी माझे पाय बघितले, पकड बघितली, झोप विचारली. किती दिवस उचलतेस तेही विचारलं. मी म्हटलं, तीन. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा माझ्या पायांकडं बघायला लागल्या.

निवडीला तीन आठवडे राहिले असताना एका बुधवारी बार माझ्या हातातून सुटला आणि लाकडी फळ्यांवर आपटला. मॅडम जवळ आल्या.

"हात दाखव."

मी दोन्ही तळवे पुढं केले. बार उचलणाऱ्या मुलींच्या हाताला बोटांच्या मुळाशी एका ओळीत घट्टे येतात, दोन्ही हातांना सारखे. माझ्या उजव्या हाताला त्याशिवाय एक जास्तीचा होता. अंगठ्याच्या बेचक्यात, चांगला शेंगदाण्याएवढा.

"हा बारचा नाही," मॅडम म्हणाल्या. "कशाचा?"

"धोंड्याचा."

"कसला धोंडा?"

मी सगळं सांगितलं. अगदी कौतुकानं सांगितलं. वर हेही सांगितलं, की गेल्या शनिवारी तो खांद्यापर्यंत आला होता.

मॅडमनी माझा उजवा हात हातात घेतला. "आणि मी विचारलं किती दिवस उचलतेस, तर तीन म्हणालीस."

"तीनच की. धोंडा वेगळा. तो व्यायाम."

मागं समीक्षा फिस्सकन हसली. मला तिचा राग आला, कारण मी खोटं बोलत नव्हते. आमच्या घरात वजन म्हणजे बार. जे हॉलमध्ये असतं, ज्याच्यावर किलो लिहिलेले असतात, ते वजन. धोंडा काय, बैठका काय, पाण्याची घागर काय, ते रोजचं. त्याला कुणी मोजतं का?

"तेजल," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या पाठीला काय माहीत बार कुठला आणि धोंडा कुठला. तिला ओझं कळतं. सहा दिवस ओझं आहे, आणि त्यात मी म्हणतेय ही पोरगी पुढं का सरकेना." मग त्यांनी माझा हात सोडला. "धोंडा बंद कर. बंद करायचा नसेल तर इथं येऊ नकोस. दोन्हीकडून ओढून मी पोर मोडू देणार नाही."

परत येताना मी समीक्षाला विचारलं, की मधल्या दिवशी तू नक्की काय करतेस.

"झोपतो," ती म्हणाली. आमच्याकडं मुलीही जातो-येतो असंच बोलतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. "मग खातो. मग परत झोपतो."

"लाज न्हाई वाटत?"

"वाटती की. पण झोप लागली की जाती."

त्यापुढं मी तिच्याशी बोलले नाही, पण सायकल चालवताना डोक्यात तेच होतं. धोंडा उचलला की चार पोरं बघायची, आप्पांची छाती फुगायची, पेला मिळायचा. बार उचलला की असलं काही व्हायचं नाही. पण बार नीट डोक्यावर गेला की एक क्षण असा यायचा, की हातात काही नाहीच असं वाटायचं. सगळं वजन असतं, आणि काहीच नसतं. तो क्षण धोंड्यानं मला कधी दिला नव्हता. आणि हल्ली तो बारही देत नव्हता. गाव येईपर्यंत माझं ठरलं होतं.

गुरुवारी पहाटे आप्पांनी हाक मारली. मी अंथरुणातूनच म्हटलं, की मी येत नाही. त्यांना वाटलं, डोकं दुखत असेल. ते गेले. परत आले तेव्हा मी चुलीपुढं बसले होते आणि माझ्यासमोर वाटलेल्या बदामाचा पेला होता.

"खाडा केलीस," आप्पा म्हणाले.

"खाडा न्हाई. ठरवून आलो न्हाई. आता मधल्या दिवशी कधीच येणार न्हाई."

"कुणी सांगितलं? मॅडमनी?"

"मॅडमनी सांगितलं आणि मला पटलं."

आप्पांनी पेल्याला हात घातला. मी आवंढा गिळला. एकदाच. आणि दारातून गोठ्यातल्या मोरी म्हशीकडं बोट केलं.

"आप्पा, मोरी आत्ता दूध देतीय?"

"भाकड हाय ती. ठाऊक न्हाई व्हय तुला?"

"मग सकाळी तिला पेंड कशाला घातलासा?"

"चार महिन्यांनी व्याची हाय. आत्ता तिच्या पोटाला घातलं न्हाई तर तवा काय देणार?"

"मग मंगळवार-गुरुवारी मी पण भाकडच असतोय."

भाकरी थापताना आईचा हात परातीतच थांबला. मग ती एवढी हसली, की तिला ठसका लागला. "बघा, कार्टी स्वतःला म्हैस म्हणवून घ्यायलीया," ती म्हणाली. "आणि ते पण एका पेल्यासाठी." आप्पा हसले नाहीत. त्यांनी पेला उचलला, नेहमीसारखा एका दमात रिकामा केला आणि वैरण काढायला निघून गेले. मला रडायला आलं होतं, पण आई बघत होती म्हणून मी भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

शनिवारी पुन्हा तेच. मी गेले नाही, त्यांनी पेला प्यायला. फक्त या वेळी तळाचा चोथा बोटानं पुसून खाल्ला नाही.

मंगळवारी मी उठले तेव्हा आप्पा तालमीतून येऊन शेताकडं गेले होते. चुलीशेजारी पेला होता. वर ताटली झाकलेली. मी ताटली काढून बघितली, भरलेला होता. आईकडं बघितलं तर ती शिलाई मशीनमध्ये दोरा ओवत होती आणि माझ्याकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. मी पेला घेतला आणि अंगणात जाऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, सावकाश प्यायले.

त्यानंतर बार माझ्याकडं वळला. एकदम नाही. आधी मागं पडायचा थांबला. मग एका शुक्रवारी तो हातात काहीच नसल्यासारखा क्षण परत आला आणि बार डोक्यावर असतानाच मी ओरडले, तशी मॅडमनी मला बार खाली ठेवून मग ओरड असं सांगितलं. समीक्षाच्या बरोबरीला मी परत आले होते. निवडीला तीनच दिवस राहिले होते.

निवड सोमवारी होती. हॉलमधून प्रत्येक वजनगटात एकीलाच पाठवायचं होतं आणि आमच्या गटात आम्ही दोघी. आप्पा मागच्या बाकावर येऊन बसले होते. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, जसे कुस्त्यांच्या मैदानाला जातात तसे.

स्नॅचमध्ये दोघी सारख्या. मी आतापर्यंत कधीच उचललं नव्हतं तेवढं उचललं आणि समीक्षानंही तेवढंच. राहिलं क्लीन अँड जर्क. त्यात बार आधी खांद्यावर घ्यायचा आणि मग तिथून डोक्यावर मारायचा. समीक्षाचा शेवटचा प्रयत्न झाला, चांगला झाला. मला तिच्यापेक्षा एक किलो जास्त लावून घ्यायचं होतं. मी खडू लावला, गेले, बार खांद्यावर घेतला. घेतला छान. स्नॅच जोशात निघून गेला होता, पण अंग सकाळपासून गंजल्यासारखं होतं, कंबर उघडत नव्हती. मी बार वर मारला, तो गेला, आणि माझं डावं कोपर वाकलं. नुसतं वाकलं, मी ते लगेच सरळ केलं, बार वरच धरून ठेवला. पण जर्कमध्ये कोपर वाकून सरळ केलं तर तो प्रयत्न बाद. मला माहीत होतं. मॅडमनी मान हलवायच्या आधीच मला माहीत होतं.

समीक्षा माझ्याजवळ आली आणि काय बोलावं ते न कळून तिनं खिशातली चिक्की माझ्या हातावर ठेवली. मला ती फेकून द्यावीशी वाटली. मग मी ती खाल्ली, कारण भूक लागली होती.

आप्पांनी मला मोटरसायकलवर मागं बसवून घरी आणलं. माझी सायकल समीक्षानं दुसऱ्या हातानं धरून आणली, हेही सांगायला हवं.

घरी आईला बातमी आधीच कळली होती. मला वाटलं, आता ती आप्पांना त्यांच्या कबुलीची आठवण करून देणार. ती आतून माझा शाळेचा नवा सदरा घेऊन आली, माझ्या पाठीला लावून बघितला आणि आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की खांद्याला चांगला दाब सोडून शिवलाय, वाढतील तेवढे वाढू देत. दाब म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, लागलं की उसवून सोडायचं. एवढंच बोलली आणि सदरा घेऊन परत आत गेली.

मंगळवारी मी दिवसभर विचार केला. धोंड्याकडं परत जाण्याचा नाही. तो विचार आला होता, पण टिकला नाही. मी सगळे सोमवार आठवत होते. शुक्रवारी माझा बार नेहमी चांगला जायचा. सोमवारी तो माझी ओळखच नसल्यासारखा वागायचा. कोपर वाकायचं तेही सोमवारीच. निवड शुक्रवारी असती तर मी गेले असते, असं रडगाणं मला गायचं नव्हतं. मला पुढचा सोमवार बदलायचा होता.

बुधवारी हॉलमध्ये मी हाताला खडू लावत होते तेवढ्यात दारात आप्पा दिसले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, तालमीत शिरताना लावतात तसा. आईनं तिची अट सोडली, म्हणून आप्पा दिलेला शब्द मोडतील असं थोडंच होतं. गावात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि आता पारावरचे लोक त्यांना विचारत असणार.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"मॅडम, पुढच्या साली मला हिला जिल्ह्याला न्यायची हाय."

माझा जीव भांड्यात पडला.

"मलाही," मॅडम म्हणाल्या.

"मग हिला सहा दिवस घ्या. धोंडा नगं तर नगं, बारच घ्या. पण सहा दिवस."

"तीन."

"बरं, पाच."

"वस्ताद, तीन. आठवड्यातल्या तीनच दिवसांत ती किती पुढं आली ते तुम्ही परवा बघितलंत."

"आणि हरली ते पण बघितलं."

मग दोघांचं जुंपलं, पण अगदी आदरानं. आप्पांनी त्यांच्या वस्तादांचं सांगितलं, की त्यांनी उभ्या जन्मात खाडा केला नाही. मॅडमनी त्यांच्याबरोबर शिबिरात असलेल्या दोन मुलींचं सांगितलं, ज्यांनी रोज उचललं आणि विशीच्या आत पाठ धरून घरी बसल्या. आप्पा म्हणाले, मातीतल्या पोरांच्या पाठी कशा धरत नाहीत. मॅडम म्हणाल्या, किती जणांच्या धरल्या ते तुम्हाला कुणी सांगायला येतं का. सहा, तीन, पाच, तीन. मी दोघांच्या मधे उभी होते, खडूनं पांढरे झालेले हात अंगाला लागू नयेत म्हणून पुढं धरून. बाकीच्या मुलींनी बार खाली ठेवले होते.

लहान असताना आप्पा मला गुरांच्या बाजाराला घेऊन जायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली बोटं दाबून सौदा करतात. बाकीच्यांना नुसता टॉवेल हललेला दिसतो. म्हैस शेजारीच रवंथ करत उभी असते. तिला कुणी काही विचारत नाही.

मी कुठं उभी आहे ते मला एकदम कळलं.

आप्पांच्या खांद्यावर टॉवेल होता. मी तो ओढून घेतला, त्यांच्या उजव्या हातावर टाकला आणि माझा हात खाली घातला. ते मॅडमशी बोलतच होते. मी त्यांची चार बोटं धरली आणि बार धरते तशी गच्च आवळली.

आप्पा बोलता बोलता थांबले. माझ्याकडं न बघता त्यांनी टॉवेलाखाली अंगठाही सरळ करून माझ्या मुठीत सरकवला. पाच. मी तो अंगठा धरला आणि त्यांच्या तळव्यात परत दुमडून टाकला.

थोडा वेळ टॉवेल हलला नाही. मग आप्पांच्या मिशा हलल्या.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "आपण दोघंबी दलालच की. मालक ही हाय."

मॅडमना काही कळलं नाही. त्या टॉवेलाकडं बघत होत्या. "काय म्हणतेय मालक?"

"चार," मी म्हणाले. या वेळी आवंढा गिळायचं लक्षातच राहिलं नाही.

"तीन पुरत नाहीत हे तुला कुणी सांगितलं?"

"सोमवारनं." आणि मग मी सगळे सोमवार सांगितले, कंबर कशी उघडत नाही ते, कोपर का वाकलं ते. "शुक्रवार ते सोमवार लई अंतर पडतंय मला. समीक्षाला पडत नसंल. मला पडतंय. रविवारी संध्याकाळी येतो. नुसता बार, प्लेट लावणार न्हाई. कोपर सरळ राहीपर्यंत नुसता बारच."

"आणि थकलीस तर?"

"मग मीच येऊन सांगीन, की आता तीन. तुम्ही सांगायचं न्हाई, आप्पांनी सांगायचं न्हाई."

"सहामाही परीक्षेच्या आठवड्यात?"

"दोन."

"ही आकडा ठरवूनच आलीया," समीक्षा मागून म्हणाली.

मॅडमनी माझा उजवा हात टॉवेलाखालून बाहेर काढला आणि अंगठ्याचं बेचकं बघितलं. धोंड्याचा घट्टा मऊ पडत चालला होता. त्यांनी हात सोडला आणि म्हणाल्या, की रविवारी हॉलची किल्ली त्यांच्या घरी असते, पाचच्या आत येऊन घेऊन जायची, आणि एकटीनं उचलायचं नाही, समीक्षाला उठवून आणायचं. समीक्षा म्हणाली, रविवारी ती झोपते. मॅडम म्हणाल्या, बाकावर झोप.

आप्पा दाराकडं निघाले. चपला घालताना वळून म्हणाले,

"बुधवार हाय न्हवं आज?"

"हो."

"मग माझ्याकडं काय बघतीस?"

मी फळ्यांकडं गेले आणि बारवर वाकले. खाली वाकल्यावर दारातून रस्ता दिसत होता आणि आप्पा चालले होते. टॉवेल त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकला होता आणि त्यावर खडूनं माझा पंजा उमटला होता, पाचही बोटं पांढरीशुभ्र. त्यांना ते माहीत होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. पेठेतून, लोकांमधून ते तसेच चालत गेले. मी पकड आवळली आणि बार उचलला.